सिनेमा कोणी निवडायचा?

मंडळी, आमच्या भाईंदरच्या ज्येष्ठ मंडळात दर शनिवारी सिनेमा दाखवतात आणि यादी करण्याचे काम माझ्याकडे आहे. शिक्षक होतो ना, याद्या आपोआप माझ्याकडे येतात! गेल्या महिन्यात एकांनी सुचवले की, मतदान घ्या. त्यावरून जुन्या फिल्म सोसायट्या सिनेमे कसे निवडत, हे आठवू लागलो.

सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि मित्रांनी १९४७ साली कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. पुढे १९५० मध्ये रायांनी लंडनला 'बायसिकल थीव्ज' पाहिला. १९५२ साली मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, तेव्हा तोच सिनेमा इथल्या लोकांना पाहायला मिळाला. १९५९ मध्ये सोसायट्यांचा महासंघ झाला, अध्यक्ष राय. संयुक्त सचिवांमध्ये एक मराठी नाव होते, विजया मुळे. त्या इंग्लंडला लीड्सला शिकायला गेल्या, तिथल्या फिल्म सोसायटीत रमल्या आणि परतल्यावर पाटण्यात त्याच कामाला लागल्या. दूरदर्शनवरची 'एक अनेक और एकता' ही चिमण्यांची फिल्म त्यांचीच. माझ्या वर्गातल्या मुलांना ती तोंडपाठ होती, पण बाईंचे नाव मात्र कोणाला ठाऊक नव्हते.

मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ सुरू झाले. सुधीर नांदगावकर, दिनकर गांगल वगैरे मंडळींनी जगातला सिनेमा मराठी माणसापर्यंत नेला. पण 'निवड' हा शब्द तेव्हा जरा मोठाच होता. परदेशी वकिलाती ज्या प्रिंट देतील त्या घ्यायच्या, नाहीतर पुण्याच्या फिल्म आर्काइव्हकडून मागवायच्या. हे आर्काइव्ह १९६४ चे, पी. के. नायर यांनी जिवापाड सांभाळलेले. रशिया, पोलंड, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया ही नावे त्या काळच्या सभासदांच्या ओठांवर असत, त्याचे कारण आवडीइतकेच वकिलातींच्या उदारपणात होते. जे हाती येई ते समजून घ्यायचे, त्यासाठी टिपण वाचायचे, नंतर बोलायचे. नावडलेला सिनेमासुद्धा वाया जात नसे.

सगळे काही सोज्वळ नव्हते, बरं का. सोसायट्यांच्या खेळांना सेन्सॉरच्या कात्रीतून सवलत होती आणि सत्तरच्या दशकात बरेच जण केवळ त्याच ओढीने सभासद झाले. हवे ते 'दृश्य' नसले की मध्येच उठून जाणारेही असत. म्हणजे प्रेक्षकांची मागणी आणि आयोजकांची यादी यांचा झगडा तेव्हापासूनचा आहे. मग घराघरांत व्हिडिओ आला आणि सोसायट्यांची गर्दी ओसरली.

आता मोबाइलवर सगळे जग आहे. तरी मतदान घेतले की आमच्याकडे तेच चार-पाच हिंदी सिनेमे वर येतात. मला त्यात वावगे वाटत नाही. लोक गाणी गुणगुणत घरी जातात. पण जे पाहिलेच नाही त्याला मत कोण देणार? शिवाय आमच्यात मराठी, गुजराती, मारवाडी सगळे. इंग्रजी सबटायटल्स वाचेपर्यंत पुढचे वाक्य येते. दोन तासांवर सिनेमा गेला की पाठी बोलू लागतात. चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स' म्हणूनच सर्वांना चालला, त्यात वाचायचे फारसे नाही आणि लांबी दीड तासाच्या आत.

तर ठरले असे : महिन्यातले तीन शनिवार मतदानाचे, एक यादीवाल्याचा. माझ्या पहिल्या शनिवारी 'बायसिकल थीव्ज' आहे, तोही दीड तासाचाच. जुन्या सोसायट्यांसारखे दोन पानी मराठी टिपण लिहून आधीच वाटतो आहे. गुजरातीत करून देणारे कोणी वाचकांत असेल तर कृपया कळवावे, सहा-सात प्रती लागतील.