एचपीव्ही १६ : जनुकीय विविधता आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग

मानवी पॅपिलोमा विषाणूच्या (एचपीव्ही) दोनशेहून अधिक प्रकारांपैकी सर्वांत घातक प्रकार. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९८३ मध्ये गर्भाशयमुखाच्या गाठीतून वेगळा काढला. याच संशोधनासाठी त्सुर हाउझेन २००८ च्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी ठरले. जगातील गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्क्यांमागे एचपीव्ही १६ व १८ हे दोन प्रकार असतात. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग होतो आणि सुमारे ८० हजार दगावतात.

हा डीएनए विषाणू असून त्याचा जनुकसंच सुमारे ७,९०० अक्षरांचा, म्हणजे अगदी तोकडा. स्वतःची प्रत काढायला तो पेशीचीच यंत्रणा वापरतो, त्यामुळे त्यात बदल फार सावकाश होतात. करोनाच्या व्हेरिएंटशी त्याची तुलना करू नये. त्याच्या ई६ व ई७ या दोन जनुकांत खरी मेख आहे. ई६ चे प्रथिन पेशीतील पी५३ या रखवालदार प्रथिनाचा नाश घडवते, ई७ चे प्रथिन आरबी प्रथिनाला निकामी करते. दोन्ही लगाम सुटले की पेशी विभागत राहते.

एल१ जनुकात १० टक्क्यांहून अधिक फरक असेल तर विषाणूचा प्रकारच वेगळा मानतात. एकाच प्रकारात, संपूर्ण जनुकसंचात १ ते १० टक्के फरक असल्यास वेगळा वंश आणि ०.५ ते १ टक्का असल्यास उपवंश धरतात. एचपीव्ही १६ चे ए, बी, सी, डी असे चार वंश आहेत. भारतीय रुग्णांत ए वंशातील, पूर्वी ‘युरोपीय’ म्हटले जाणारे विषाणू जास्त आढळतात. सर्वांत चर्चेतला बदल ३५० व्या जागेवर होतो : तेथे टी च्या जागी जी येतो आणि ई६ प्रथिनातील ८३ वे अमिनो आम्ल ल्युसीनऐवजी व्हॅलीन होते. बायोप्सीच्या कणभर तुकड्यातून डीएनए काढून, पीसीआरने ई६ चा भाग वाढवून त्याची अक्षरे वाचली की हा बदल दिसतो. स्वीडनमधील रुग्णांत त्याचा रोगाशी संबंध आढळला, इतरत्र मात्र निष्कर्ष सारखे आले नाहीत. डी२, डी३ व ए४ या उपवंशांचा धोका, विशेषतः ग्रंथिपेशींच्या कर्करोगाचा, अधिक असल्याचे अमेरिकेतील मोठ्या अभ्यासांत दिसले. २०१७ मध्ये हजारो एचपीव्ही १६ जनुकसंचांच्या तुलनेतून उलट बाजूही पुढे आली : कर्करोग झालेल्या स्त्रियांतील विषाणूंत ई७ जवळजवळ जसेच्या तसे राखलेले असते. ई७ बिघडले की विषाणूचा दातच पडतो.

विषाणूची अक्षरे ही गोष्टीची एक बाजू झाली, दुसरी बाजू स्त्रीच्या स्वतःच्या जनुकांची. कराडजवळ मलकापूर येथील कृष्णा वैद्यकीय संस्थेतील (आता कृष्णा विश्व विद्यापीठ) संशोधकांनी या बाजूवर काम केले आहे. या भागातील ग्रामीण रुग्ण स्त्रिया व निरोगी स्त्रिया यांच्यातील डीएनए-दुरुस्तीच्या जनुकांचे भेद त्यांनी ताडून पाहिले. सातारा-सांगलीकडच्या रुग्णांसाठी अशी स्थानिक माहिती मोलाची आहे; स्वीडनचा निष्कर्ष कराडला लागू पडेलच असे धरून चालता येत नाही.

व्हेरिएंटचे महत्त्व मात्र फुगवू नये. बहुतेक संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप जातात. वर्षानुवर्षे टिकून राहिलेला संसर्गच कर्करोगापर्यंत नेतो, आणि त्याला बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. ही मुदत म्हणजेच तपासणीची संधी. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या साथीने, ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या रोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. त्या तपासणीत कोणाचाही उपवंश पाहिलेला नव्हता.

लसही उपवंश पाहत नाही. ती एल१ प्रथिनाच्या पोकळ कवचांपासून बनते, आणि एचपीव्ही १६ चे सर्व वंश प्रतिपिंडांना जवळपास एकसारखेच दिसतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक या लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. ती ६, ११, १६ व १८ या प्रकारांविरुद्ध आहे. लस घेतली तरी तपासणी सुटत नाही, कारण इतर प्रकारही उरतातच.

संकोचामुळे ‘अंगावरून जातंय’ हे घरात महिनोन्‌महिने सांगितले जात नाही, आणि गाठ वाढल्यावरच रुग्णालय गाठले जाते. पाळी गेल्यानंतर किंवा संबंधानंतर रक्त गेले, तर थांबू नये. आणि कोणताही त्रास नसला तरी तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी.