नाऊरच्या काठावर, सप्टेंबर 1948

दौंड-मनमाड गाडीतून तुम्ही श्रीरामपूरला उतरता. स्टेशनच्या पाटीवर बेलापूर हे नाव आजही आहे, त्यामुळे तेवढ्यावरून साल कळायचं नाही. साल कळतं ते फलाटाबाहेर पडलेल्या बिऱ्हाडांवरून. गोधड्यांची गाठोडी, पितळेचा हंडा, दोरीनं बांधलेली शेळी. ही माणसं मोगलाईतली. गोदावरीच्या अलीकडे नगर जिल्हा, म्हणजे मुंबई इलाखा. पलीकडे वैजापूर-गंगापूर, म्हणजे निजामाचं राज्य. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या धास्तीनं लोक नदी ओलांडून इकडं येत राहिले. 13 सप्टेंबरला भारताच्या फौजा आत शिरल्या, 14 ला औरंगाबाद पडलं, 17 ला निजामानं हात टेकले. त्याला आता दहा-बारा दिवस झालेत.

तुमच्या खिशात आजच्या काळातली प्रश्नावली आहे. लढाई नुकतीच थांबलेल्या मुलखात अशा पाहण्या होतात आणि त्यात एक प्रश्न अनेकदा असतो: अंधार पडल्यावर एकट्यानं चालताना सुरक्षित वाटतं का? उत्तराच्या चौकटी चार, पूर्णपासून अजिबात नाहीपर्यंत.

बैलगाडी गोदाकाठच्या नाऊर गावाची वाट धरते. प्रवरेच्या पाटाचं पाणी आहे तिथवर ऊस, मग काळ्या रानात बाजरी. गोदावरी दोन्ही थड्या भरून चाललीय, उतार बंद, नावेशिवाय गत्यंतर नाही. काठावर एक बाई बसलीय. पदरात तांदूळ, तीळ आणि घराची किल्ली. तिला तुम्ही प्रश्न विचारता.

"अंधारात एकटी कशाला जाऊ मी, पाव्हणं?"

पेन्सिल थांबते. कोणती चौकट भरणार?

तिला पलीकडे, आपल्या घरी जायचंय ते पितरांसाठी. सासरा या उन्हाळ्यात इकडं, परक्याच्या ओसरीवर गेला. त्याचं पान स्वतःच्या घरात मांडायचं, हा तिचा हट्ट. नवरा म्हणतो, दसऱ्यापर्यंत दम धर. ती त्याच्याशी वाद घालत नाही. नाव लागते तशी नावाड्याकडे वळते.

"तात्या, गिरणी चालू झाली का?"

"झाली."

"चावडीवर कोण बसतंय?"

"पाटील येऊन बसत्यात. घटकाभर."

"आन् करोडगिरीचा नाका?"

"तिथं कुणीच न्हाई."

तुम्हाला वाटतं, बाई आता हरखणार. निजामाची जकात गेली, गाठोडं उसवून बघणारा शिपाई गेला. तिचा चेहरा मात्र उतरतो. "कुणीच न्हाई म्हंजी?"

हैदराबादेत मेजर जनरल चौधरी लष्करी गव्हर्नर म्हणून बसलेत, हे वर्तमानपत्रात आलंय. पण वर्तमानपत्र नाक्यावर उभं राहत नाही. जुना शिपाई छळायचा, तरी तो कोण हे ठाऊक होतं. रिकाम्या नाक्यावर उद्या कोण येऊन बसेल? सुरक्षिततेच्या पाहण्यांत हीच गोम निसटते असं मला वाटतं: धोका गेला हे कळणं वेगळं आणि राखणदार आला हे दिसणं वेगळं.

शेवटी नवरा आणि त्याचे दोन भाऊबंद निघतात. पान मांडून दिवस मावळायच्या आत माघारी यायचं. म्हशी, पोरं, हंडा इकडंच. किल्ली तिनं नवऱ्याच्या हाती दिली, पण घरात दिवा लावू नका म्हणून बजावलं.

तुम्हीही नावेत बसता. पल्याडच्या गावात ते तिघं आपल्या घराकडे वळतात, तुम्ही वेशीजवळच्या मुलाण्याच्या दारात थांबता. दारावर तिरंगा, चक्र कोळशानं काढलेलं, आरे मोजून नसावेत. आत थाळीत ज्वारीच्या घुगऱ्या. दाणे उकडून खायची वेळ का आली? ज्वारी कणगीत भरपूर आहे. पण दळायचं तर गिरणीवर रांगेत उभं राहावं लागतं, आणि रांगेत कोण काय बोलेल याचा नेम नाही. नदीकाठची बाई ज्या गिरणीच्या आवाजानं धीर धरू पाहते, त्याच आवाजानं हा माणूस दार ओढून घेतो. गावात त्याच्या अंगाला कोणी हात लावलेला नाही. शेजारच्या माळकरी म्हातारीनं दोन रात्री त्याची सून आपल्या घरात झोपवली.

इतर ठिकाणांहून मुसलमानांवरच्या हल्ल्यांच्या बातम्या मात्र येताहेत आणि त्या निव्वळ अफवा नाहीत. नोव्हेंबर-डिसेंबरात पंडित सुंदरलालांची समिती संस्थानात फिरेल. मेलेल्यांचा तिचा अंदाज 27,000 ते 40,000 असेल. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेडला. हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना वाचवल्याचीही नोंद ती करील. सरकार तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे येऊ देणार नाही. मुलाण्याला यातलं काहीच माहीत नाही. त्याचा जिल्हा त्या चारांत नाही, हेही नाही.

तुम्ही प्रश्नावली काढत नाही. तोच विचारतो, "माघारी नावंत जागा हाय का?" सुनेचं माहेर बेलापूरचं. महिनाभर तिकडं राहू द्यावी म्हणतो.

रझाकारांना भिऊन पळालेले ज्या नावेनं परतू लागलेत, तीच नाव आता हिला घेऊन उलट्या दिशेनं जाणार. सून येते, कडेवर मूल, दुसऱ्या हातात झाकलेली पाटी. म्हातारा कनवटीचा निजामी रुपया काढतो.

नावाडी तो उलटासुलटा करून परत देतो. "हाली नको, चाचा. कलदार असंल तर बघा. आन् पाटीत काय, कोंबडी? तिचं काय घेत न्हाई."