न्हाणीघराची न दिसणारी भिंत

नित्यपूजेपूर्वी स्नान हा आपल्या आचाराचा पहिला नियम. परंतु ज्या जागी स्नान करावयाचे त्या न्हाणीकडे देवघराइतक्या आस्थेने आपण क्वचितच पाहतो. आम्हीही पाहिले नव्हते. घरची जुनी न्हाणी आम्ही हौसेने स्वहस्ते नवी केली. सिमेंटचा गिलावा दिला, वर सुंदर लाद्या बसविल्या. चार महिने लोटले नाहीत तोच पलीकडील देवघराच्या भिंतीस ओल चढली, पोपडे सुटले आणि देव्हारा तेथून हलवावा लागला. देवांना आपले स्थान सोडावे लागले, ही गोष्ट मनाला फार लागली. आपले चुकले कोठे, याचा शोध घेता घेता आम्ही थेट सिंधूच्या तीरी जाऊन पोहोचलो.

मोहेंजोदडो येथे, आजच्या पाकिस्तानातील सिंध प्रांतात, १९२५-२६ साली जॉन मार्शल यांच्या देखरेखीखाली झालेल्या उत्खननात एक भव्य स्नानकुंड उजेडात आले. ते सुमारे ३९ फूट लांब, २३ फूट रुंद आणि ८ फूट खोल असून त्याचे वय चार हजार वर्षांहून अधिक आहे. ते धार्मिक स्नानासाठी असावे, असे अनेक विद्वान मानतात. कुंड उंच चौथऱ्यावर असल्याने त्यातले पाणी झिरपते, तर भोवतालच्या बांधकामासच धोका होता. म्हणून त्या कारागिरांनी भाजलेल्या विटा उभ्या कडेवर जिप्समच्या लगद्यात घट्ट बसविल्या. त्यांच्यामागे सुमारे एक इंच जाडीचा नैसर्गिक डांबराचा थर दिला. आणि तो थर जागचा ढळू नये म्हणून पाठीशी आणखी एक भिंत रचली. तळाला नैर्ऋत्य कोपऱ्याकडे उतार देऊन पाण्यास वाटही ठेविली. त्याच नगरीतील घराघरांतून आढळणारे स्नानाचे ओटेही नीट सांधलेल्या विटांचे व मोरीकडे उतरते आहेत.

हीच चिंता पुढे आपल्या ग्रंथांतूनही दिसते. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत ‘वज्रलेप’ या विषयास स्वतंत्र अध्याय दिला आहे. कच्ची टेंभुर्णीची फळे, कच्ची कवठे, सावरीची फुले इत्यादींचा काढा अष्टमांश उरेपर्यंत आटवावा, त्यात गुग्गुळ, राळ, बिब्बा, जवस, बेलफळ घालावे आणि तो लेप ऊन ऊन असतानाच प्रासाद, मूर्ती, भिंती व विहिरी यांस द्यावा, असे तो सांगतो. हा लेप कोटी वर्षे टिकतो हे त्याचे आश्वासन आपण कवीची अतिशयोक्ती म्हणून सोडून देऊ. पण दगडालाही कवच लागते ही जाण खरी होती. गोमंतकातील सच्छिद्र चिऱ्याला चुन्याचा गिलावा देणाऱ्या आपल्या गवंड्यांनाही ती होतीच.

मग ती विसरली कशी? १८२४ साली इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिन याने पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले. पुढे हे कठीण द्रव्य सर्वत्र पसरले, आणि जे कठीण ते अभेद्य, असा आपला समज होऊन बसला. वास्तविक सिमेंटचा गिलावाही सूक्ष्म छिद्रांतून पाणी पितो. लाद्यांच्या सांध्यांतूनही ते खाली उतरते. लादी हा अलंकार आहे, कवच नव्हे.

दुसऱ्या खेपेस आम्ही सर्व लाद्या काढल्या. प्रथम मोरीकडे उतार दिला. भिंत व जमीन मिळतात तो कोपरा गिलाव्याने गोलसर केला, कारण चीर प्रथम तेथेच पडते. जलरोधक लेपाचे दोन हात, पहिला वाळल्यावर दुसरा, असे दिले आणि तोटीखालच्या भिंतीवर तो लेप डोक्याच्याही वर नेला. मोरीच्या तोंडाशी विशेष काळजी घेतली. लेप पुरता वाळल्यावर मोरी बुजवून दोन दिवस पाणी साठवून ठेविले. पलीकडची भिंत कोरडी राहिली, तेव्हाच लाद्या बसविल्या.

आज देव्हारा पुन्हा आपल्या जागी आहे. मोहेंजोदडोचे डांबर स्नान करणाऱ्यांपैकी कोणाच्याही दृष्टीस पडत नव्हते. आमचा लेपही आता कोणास दिसत नाही. परंतु घर राखले जाते ते या न दिसणाऱ्या कामावरच. न्हाणी नवी करू इच्छिणाऱ्या वाचकांनी लादीचा रंग निवडण्यापूर्वी एवढे ध्यानी घ्यावे, हीच विनंती.