रंगवलेला चेहरा आणि वाचणारी नजर : मराठी रंगभूषेच्या इतिहासातील एक प्रश्न

मराठी रंगभूमीच्या इतिहासलेखनात गळ्याला जेवढे स्थान मिळाले, तेवढे चेहऱ्याला मिळालेले नाही. पदे, चाली, साथीदार यांच्या नोंदी झाल्या. परंतु ती पदे ज्या चेहऱ्यावाटे प्रेक्षकापर्यंत आली, तो चेहरा रंगपटात रोज नव्याने घडवला जात होता, ही बाब आठवणींच्या पुस्तकांतील गमतीजमतींपुरतीच उरली. रंग नटाच्या चेहऱ्यावर चढत असला, तरी त्याचे खरे कार्य प्रेक्षकाच्या नजरेत घडते. हे लक्षात घेऊन सातारा-सांगली परिसराच्या आधारे या इतिहासाकडे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

या विचाराला आपल्याकडे जुना शास्त्राधार आहे. भरताने आहार्य अभिनयात अंगरचनेचा स्वतंत्र विचार केला असून पांढरा, निळा, पिवळा आणि तांबडा हे चार मूळ रंग मानले आहेत. मात्र हा विचार केवळ सौंदर्याचा नाही. ब्राह्मण-क्षत्रियांना तांबूस आणि वैश्य-शूद्रांना श्याम वर्ण द्यावा, असा संकेत तेथे आहे. चेहऱ्याचा रंग पाहून पात्राचा सामाजिक दर्जा ओळखावा, ही अपेक्षा अशी शास्त्रातच नोंदलेली आहे.

१८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हा प्रेक्षकाला चेहरा नव्हे तर पात्रप्रकार ओळखायचा होता. तेलाच्या दिव्यांच्या हलत्या उजेडात, लांब बसलेल्या माणसाला डोळ्यांतील सूक्ष्म भाव दिसणे शक्य नव्हते. देव, ऋषी आणि राक्षस यांतील भेद रंगाने, मुकुटाने आणि आरडाओरडीने ठसवावा लागे. राक्षसांच्या आरोळीवरून या नाटकांना ‘अललडुर्र’ हे नाव पडले. त्यांचे उग्र रंगवलेले तोंड ही त्या आरोळीचीच दृश्य बाजू होती. येथे रंग लपवत काही नाही, तो उघडपणे सांगतो.

संगीत नाटकाने हा व्यवहार बदलला. सांगली जिल्ह्यातील नागठाणे हे ज्यांचे गाव मानले जाते, ते नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले आणि १९१३ साली गंधर्व नाटक मंडळीचे एक संस्थापक झाले. त्यांच्या भामिनी, रुक्मिणी, सिंधू या भूमिकांत रंगाचे काम प्रकार सांगण्याचे नव्हते, आदर्श उभा करण्याचे होते. समोर पुरुष आहे हे प्रेक्षकाला पक्के ठाऊक होते, आणि तरीही तो स्त्री पाहत होता. इतकेच नव्हे, तर प्रेक्षागृहातील स्त्रिया त्यांच्या नेसण्याचे, दागिन्यांचे अनुकरण करीत.

हे कसे घडत असेल, याचा एक धागा अलीकडच्या मानसशास्त्रात सापडतो. रिचर्ड रसेल या संशोधकाने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले, की डोळे-ओठ आणि भोवतीची त्वचा यांच्यातील गडद-फिक्याचा विरोध स्त्रियांच्या चेहऱ्यावर सरासरीने अधिक असतो. हा विरोध वाढवला की तोच चेहरा अधिक स्त्रीसारखा दिसतो, कमी केला की पुरुषासारखा. सफेदा, काजळ आणि ओठांची लाली नेमके हेच करतात. स्त्रीपार्टी नटाला हा सिद्धांत माहीत नव्हता. पण आरशासमोरच्या अनुभवाने त्याचा उपयोग त्याच्या हाताला ठाऊक होता.

मात्र या किमयेला अंतराची मर्यादा होती. १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त बालगंधर्व एकनाथांच्या, म्हणजे पुरुषाच्या भूमिकेत पडद्यावर आले. १९३७ साली ‘साध्वी मीराबाई’ या चित्रपटात मात्र ते पुन्हा स्त्री झाले, आणि तो प्रयोग यशस्वी ठरला नाही. रंगमंचापासून दूर बसलेली नजर डोळे आणि ओठ एवढेच टिपते. कॅमेरा जबडा, गळा आणि वयही टिपतो. शिवाय १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या स्त्रिया रंगमंचावर आल्या होत्या. प्रेक्षकाची नजर नवे वाचन शिकू लागली होती.

तथापि नजरेचे सगळे रहस्य अंतरात आणि उजेडात सामावत नाही. कोरेगाव-खटावपासून तासगाव-वाळव्यापर्यंतच्या पट्ट्यात जत्रेच्या रात्री उभा राहणारा तमाशा हीच बहुजनांची रंगभूमी होती. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव जन्माने ब्राह्मण, आणि त्यांच्या फडातील पवळा महार समाजातील. तमाशातील स्त्रीही काजळ घाली, ओठ रंगवी. डोळ्यांना दिसणारा गडद-फिक्याचा विरोध तोच होता. पण शहरी पांढरपेशा प्रेक्षकाने गंधर्वांच्या चेहऱ्यावरील रंगात कुलीनता वाचली, आणि तमाशातील स्त्रीच्या चेहऱ्यावरील रंगात तिचा ‘धंदा’. पहिल्या ठिकाणी रंग पुसल्यावर प्रतिष्ठित गृहस्थ उरत होता, म्हणून रंग ही कला ठरली. दुसऱ्या ठिकाणी रंग पुसला तरी जात उरत होती, म्हणून रंग हा पुरावा ठरला.

आपल्या नाट्यसमीक्षेने या दोन वाचनांचा एकत्र विचार केला नाही. एकीचा इतिहास ‘सुवर्णकाळ’ या शीर्षकाखाली लिहिला गेला, दुसरीचा ‘लोककला’ या कोपऱ्यात ढकलला गेला. रंगभूषा चेहऱ्याचा आभास बदलू शकते, हे खरे. परंतु त्या आभासाला कोणता अर्थ द्यायचा, हे चेहऱ्याकडे पाहणारा समाज आधीच ठरवून आलेला असतो. भरताने श्याम आणि तांबूस यांत जे लिहून ठेवले, ते विसाव्या शतकातील प्रेक्षकानेही, त्याला ते शास्त्र ठाऊक नसताना, आपल्या नजरेत सांभाळले होते. म्हणूनच मराठी रंगभूषेचा इतिहास लिहायचा, तर तो रंगपटापाशी थांबवून चालणार नाही. प्रेक्षागृहात कोण बसले होते आणि ते काय पाहायला शिकले होते, तेथपर्यंत तो न्यावा लागेल.