भंडाऱ्याचा कोसा आणि द्रव-स्फटिकाची अवस्था

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. परंतु त्या तलावांवर मासे धरणारा ढिवर समाज पावसाळा लागला की जंगलातील ऐन आणि अर्जुन या झाडांकडेही वळत असे, ही बाब जिल्ह्याच्या इतिहासात सहसा ओझरतीच येते. 1999 मध्ये गोंदिया वेगळा होण्यापूर्वीच्या जुन्या जिल्ह्यात, तसेच शेजारच्या चांदा भागात, या झाडांवर टसर रेशमाच्या अळ्या सोडून कोसा पिकवणे हा त्याचा जोडधंदा होता. तुतीची अळी घरात वाढते. टसरची मात्र उघड्या झाडावरच पाला खाते, आणि चार वेळा कात टाकून कोश विणेपर्यंतच्या महिना-सव्वा महिन्यात पक्षी, मुंग्या व गांधीलमाश्या यांच्यापासून तिला राखावे लागते. या काळात राखणदाराने सोवळे पाळावे असा दंडक टसर पिकवणाऱ्या अनेक समाजांत होता.

ज्या धाग्यासाठी ही राखण होई, तो अळीच्या शरीरात धागा म्हणून नसतोच. तिच्या रेशीमग्रंथीत फायब्रॉइन या प्रथिनाचे पाण्यातील दाट द्रावण असते, आणि अरुंद होत जाणाऱ्या नळीतून ते तोंडाकडे सरकू लागले की प्रथिनाचे रेणू एका दिशेने रांगेत येतात. द्रवाप्रमाणे वाहणारी, पण रेणूंच्या दिशेत स्फटिकाची शिस्त राखणारी ही अवस्था म्हणजे द्रव-स्फटिक होय. ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिश रायनिट्झर याने 1888 मध्ये कोलेस्टेरॉलच्या एका संयुगात तिची चाहूल घेतली, तर रेशमाच्या स्रावातील तिच्याविषयीचे संशोधन ‘नेचर’मध्ये 1991 साली प्रसिद्ध झाले. नळीत आम्लता वाढते, पाणी कमी होते आणि अळी डोके हलवत स्राव ओढून काढते, तेव्हा रांगेत आलेल्या साखळ्या एकमेकींना घट्ट बांधल्या जातात.

पेशीतील आनुवंशिक माहिती वाहणारा डीएनएचा रेणूही दाट द्रावणात याच अवस्थेत जातो. त्याचा दुहेरी सर्पिल सुमारे 2 नॅनोमीटर जाड असून जवळपास 50 नॅनोमीटर लांबीपर्यंत तो फारसा वाकत नाही, म्हणजे तो ताठ काडीसारखा वागतो. अशा काड्यांची दाटी वाढली की परस्परांत आकर्षण नसतानाही त्या समांतर होतात, कारण समांतर झाल्यावरच प्रत्येकीला हालचालीस अधिक जागा मिळते. हे लार्स ऑन्सागर यांनी 1949 मध्ये गणिताने दाखवले. डीएनएच्या द्रावणात प्रथम अशा थरांची मांडणी होते की प्रत्येक पुढचा थर मागच्याहून किंचित वळलेला असतो. दाटी आणखी वाढल्यावर हे रेणू षट्कोनी मांडणीत स्तंभांसारखे उभे राहतात. अवघ्या 6 ते 20 बेस-जोड्यांचे आखूड तुकडेही टोकाला टोक लावून असे स्तंभ रचतात, हे 2007 मध्ये दिसून आले. मात्र पुरेसे पाणी घातले की डीएनएची ही रचना मोडते, आणि रेशमाची मोडत नाही. कोशाने झाडावर पाऊस सोसावा आणि पुढे क्षारयुक्त पाण्यात उकळल्यावरही त्याचा धागा शाबूत निघावा, हे या फरकामुळेच शक्य होते. साऱ्या धंद्याचा पाया तोच आहे.

या शास्त्राचा एक धागा विदर्भातूनही जातो. 1951 मध्ये नागपूर विद्यापीठातून एम.एस्सी. झालेले शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत सहकाऱ्यांसह 1977 मध्ये चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रव-स्फटिक शोधले. या चकत्याही एकावर एक रचल्या जाऊन स्तंभ बनवतात.

कोशापुढचे काम कोष्टी विणकरांचे होते. मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे त्याचे नावाजलेले केंद्र असून, करवतीच्या दातांसारख्या किनारीची करवतकाठी साडी तीन धोटे चालवून विणली जाते, म्हणजे दोन काठांसाठी दोन आणि अंगासाठी एक. या साडीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि ते योग्यच आहे. पण त्यात विणकराचे कसब ठळक होते आणि पिकवणारा मागे राहतो. कोणत्या झाडाचा पाला केव्हा कोवळा असतो आणि अळी केव्हा हलवावी, हे ढिवर राखणदारांचे ज्ञान बहुतांशी तोंडीच राहिले आहे. ते जाणणारी पिढी हयात आहे तोवर, तिच्याच बोलीत, विदर्भातील विद्यापीठांनी ते नोंदवून घ्यावे.