सिलिकोन तेलाची गोष्ट: नॉटिंगहॅमच्या चिकट गाळापासून मानेसरच्या पेंट शॉपपर्यंत

हरियाणातील मानेसरच्या औद्योगिक वसाहतीत एखादा पेंट शॉप पाहायला गेलात, तर दारातच तुमची चौकशी होण्याची शक्यता आहे. हाताला क्रीम लावले आहे का? केसांना सिरम? अंगावर डिओडरंट? काही वर्षांपूर्वी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना घेऊन मी त्या भागात औद्योगिक भेटीला गेलो होतो. आमच्यातल्या एका विद्यार्थिनीला केसांच्या सिरममुळे काचेच्या बाहेरूनच रंगकाम पाहावे लागले. बाहेर आल्यावर तिने विचारले, "सर, एवढ्याशा तेलाने काय बिघडणार होतं?" प्रश्न रास्त होता आणि मी तेव्हा दिलेले उत्तर अर्धवट होते. हे टिपण म्हणजे त्या उत्तराचा उरलेला भाग समजा.

सिरमच्या बाटलीवर 'डायमेथिकोन' असे लिहिलेले असते. तेच पॉलिडायमिथिलसिलॉक्सेन, म्हणजे आपले सिलिकोन तेल. त्याचे पृष्ठताण मीटरमागे सुमारे २१ मिलिन्यूटन असते, पाण्याचे ७२. ओल्या रंगाचे पृष्ठताण तेलापेक्षा जास्त असते. त्यामुळे तेलाचा अतिसूक्ष्म थेंब पत्र्यावर किंवा रंगावर पडला, की कमी ताणाच्या जागेकडून जास्त ताणाच्या जागेकडे रंग ओढला जातो आणि मध्ये गोल खळगा उरतो. कामगार त्याला 'फिश आय' म्हणतात. एका थेंबापायी अख्खे दार घासून पुन्हा रंगवावे लागते.

गंमत अशी, की पेंट शॉपच्या दाराशी अडवले जाणारे हेच द्रव्य वाहनात मात्र मानाने बसलेले असते. रेडिएटरच्या पंख्याचा व्हिस्कस क्लच आणि मोठ्या डिझेल इंजिनाच्या क्रँकशाफ्टवरचा डँपर या दोन्हींत सिलिकोन तेल भरलेले असते, कारण तापमान बदलले तरी त्याची श्यानता, म्हणजे व्हिस्कॉसिटी, खनिज तेलाच्या मानाने फार कमी बदलते. मानेसरला २००१ मध्ये होंडाचा दुचाकी कारखाना सुरू झाला, पुढे २००६-०७ च्या सुमारास मारुती सुझुकीचा आला, वाहनचाचणीची आयकॅट ही संस्थाही तिथेच आहे. या सगळ्या परिसरात सिलिकोन हा हवा तिथे मित्र आणि नको तिथे शत्रू आहे.

आता इतिहासाकडे वळू. आधी एक स्पेलिंगची चूक मिटवून टाका. सिलिकॉन हे मूलद्रव्य, सिलिकोन हे त्यापासून केलेले बहुवारिक. उत्तरपत्रिकांत दर वर्षी यांची अदलाबदल होते. पण मूळ नावच चुकीच्या समजुतीतून आले आहे, म्हणून मी त्यासाठी फारसे गुण कापत नाही.

ते नाव रूढ केले इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या फ्रेडरिक किपिंग यांनी, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. त्यांना मिळालेल्या संयुगाचे सूत्र कीटोनसारखे दिसत होते, फक्त कार्बनच्या जागी सिलिकॉन. म्हणून 'सिलिकोन'. प्रत्यक्षात सिलिकॉन ऑक्सिजनशी कीटोनसारखा दुहेरी बंध सहजी करत नाही. तो एकेरी बंधांनी ऑक्सिजनला धरतो, पुढे दुसऱ्या सिलिकॉनला, आणि साखळी लांबत जाते. किपिंग यांना हवे होते नेमक्या उत्कलनबिंदूचे, स्फटिकरूपात मिळणारे शुद्ध पदार्थ. चंचुपात्राच्या तळाशी उरायचा तो चिकट, गोंदासारखा गाळ. चार दशके या विषयावर काम करून १९३६ च्या बेकेरियन व्याख्यानात त्यांनी या संयुगांच्या व्यावहारिक भवितव्याबद्दल फारशी आशा दाखवली नाही. त्यांना हसू नका. त्यांच्या काळात बहुवारिकांचे शास्त्र नुकते उभे राहत होते, आणि स्फटिक न होणारा पदार्थ म्हणजे फसलेला प्रयोग, असेच त्या पिढीचे शिक्षण होते.

त्या गाळाची किंमत ओळखली काचेच्या धंद्याने. अमेरिकेतील कॉर्निंग ग्लास वर्क्सकडे काचेचे तंतू होते. विजेच्या मोटारींत ते वेष्टण म्हणून वापरायचे, तर उष्णतेत न जळणारे रेझिन हवे होते. १९३० च्या दशकात तिथल्या फ्रँकलिन हाइड यांनी किपिंग यांच्याच पद्धतीने, ग्रिन्यार अभिकारक वापरून, असे रेझिन केले. पण त्या पद्धतीला मॅग्नेशियम लागते आणि भरपूर ईथर लागतो. ईथर किती पटकन पेट घेतो, हे प्रयोगशाळेत काम केलेल्यांना सांगायला नको. टनावारी उत्पादनासाठी ही वाट महागडी आणि धोक्याची होती.

जनरल इलेक्ट्रिकचे युजीन रोको यांनी दोन प्रश्न वेगळे केले. पहिला: सिलिकॉनला कोणता गट जोडायचा? त्यांनी मिथिल निवडला, कारण त्यात कार्बन-कार्बन बंधच नाही आणि उष्णतेत तो अधिक टिकतो. दुसरा: ग्रिन्यारशिवाय तो जोडायचा कसा? १० मे १९४० रोजी त्यांनी तांबेमिश्रित सिलिकॉनवरून मिथिल क्लोराइडची वाफ सुमारे ३०० अंश सेल्सिअसला सोडली आणि मिथिलक्लोरोसिलेन थेट मिळाले. ईथर नाही, मॅग्नेशियम नाही. जर्मनीत रिखार्ड म्युलर यांनी १९४१-४२ च्या सुमारास स्वतंत्रपणे हीच अभिक्रिया शोधली. युद्धामुळे दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. पुष्कळ पाठ्यपुस्तकांत फक्त रोको यांचे नाव असते. तुम्ही 'म्युलर-रोको प्रक्रिया' असे लिहा.

१९४३ मध्ये डाऊ आणि कॉर्निंग यांनी मिळून डाऊ कॉर्निंग ही कंपनी काढली. तिचे पहिले उत्पादन होते सिलिकोन तेल आणि सिलिका यांचे ग्रीससारखे मिश्रण. उंचावर उडणाऱ्या लढाऊ विमानांच्या इग्निशनमध्ये ओल शिरून ठिणगी गळायची, ती त्याने थांबली.

कारखान्यात आज काय होते, ते थोडक्यात पाहू. अभिक्रियेतून बाहेर पडते ते मिश्रण. त्यातले हवे ते डायमिथिलडायक्लोरोसिलेन ७० अंशांना उकळते आणि नको असलेले मिथिलट्रायक्लोरोसिलेन ६६ अंशांना. फक्त चार अंशांचा फरक! म्हणून ऊर्ध्वपातनाचे स्तंभ खूप उंच बांधावे लागतात. ही शुद्धता चैनीची नाही: ट्रायक्लोरो रेणूला तीन हात असतात, तो साखळीत शिरला की फांद्या फुटतात आणि तेलाऐवजी जेल होते.

शुद्ध सिलेन पाण्याशी अभिक्रिया करून हायड्रोक्लोरिक आम्ल सोडते. ते मिथेनॉलबरोबर वापरून पुन्हा मिथिल क्लोराइड करतात. उरतात लहान साखळ्या आणि कडी. त्यांत चार सिलिकॉनची कडी, म्हणजे डी-४, महत्त्वाची. आता आम्ल किंवा अल्कली उत्प्रेरक घालून या कड्या उघडायच्या, आणि साखळीची टोके बंद करायला हेक्झामिथिलडायसिलॉक्सेन घालायचे. जनरल इलेक्ट्रिकच्या पॅटनोड आणि विल्कॉक यांचा या प्रकारच्या सिलॉक्सेनवरचा लेख १९४६ चा आहे. टोके बंद करणारा पदार्थ जास्त घातला, की साखळी आखूड आणि तेल पातळ.

हिशेब करून बघा. १०० सेंटिस्टोकच्या तेलाचा रेणुभार साधारण ६००० असतो. टोकांचा वाटा १६२, उरलेले ५८३८. दर दुव्याला ७४ धरले तर सुमारे ७९ दुवे. म्हणजे १०० किलो डी-४ मागे टोकवाला पदार्थ २.८ किलो. ३५० सेंटिस्टोकसाठी रेणुभार १३,७०० च्या आसपास घ्या, उत्तर १.२ किलो येईल. दीड किलोच्या फरकात तेलाची श्यानता साडेतीन पट होते, यावरून तोलण्यातली चूक काय महागात पडते ते कळेल. शेवटी उत्प्रेरक निष्प्रभ करून निर्वातात उरलेल्या कड्या उडवून लावायच्या. समतोलात त्या दहा-पंधरा टक्के राहतातच. युरोपीय संघाने २०२० पासून धुऊन जाणाऱ्या सौंदर्यप्रसाधनांत डी-४ आणि डी-५ वर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली आहे, त्यामुळे ही शेवटची पायरी आता पूर्वीपेक्षा काटेकोरपणे करावी लागते.

भारतात या साखळीचा शेवटचा भाग चांगला रुजला आहे. कोलकात्याजवळ वाकर मेट्रोआर्कसारखे कारखाने तेले आणि इमल्शन करतात. सुरुवातीचा भाग मात्र कमकुवत आहे आणि आपण सिलॉक्सेन मोठ्या प्रमाणात आयात करतो. कारण अभिक्रिया अवघड आहे हे नव्हे. ८० वर्षे जुनी अभिक्रिया आहे ती. एक टन धातुरूप सिलिकॉन गाळून काढायला सुमारे ११ ते १३ हजार युनिट वीज लागते. वाळू आपल्याकडे भरपूर आहे, पण गाडी अडते ती विजेच्या दरापाशी.