पितळेवरचे पाठभेद

आपल्याकडे संगीताचा इतिहास लिहिला जातो तो प्रामुख्याने गायकांचा. घराणी, बंदिशी, नाटक कंपन्या यांविषयी मराठीत विपुल लेखन आहे. वरातीपुढे चालणाऱ्या बँडवाल्याच्या वाट्याला त्या मानाने फारच थोडे आले. ग्रेगरी बूथ यांचा भारतीय बँडवरचा ‘ब्रास बाजा’ हा इंग्रजी ग्रंथ २००५ साली निघाला. तो वाचताना मला एक जुने दुकान सतत आठवत राहिले.

१९९९ साली कोल्हापुरात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना, खोलीचे भाडे निघावे म्हणून मी संध्याकाळी बँडची वाद्ये दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात जाऊ लागलो. मालकांना सगळे चाचा म्हणत. मराठीचा विद्यार्थी म्हणून ते मला चेष्टेने ‘मास्तर’ म्हणत. पहिले दोन महिने मी फक्त नळ्या धुतल्या. फुंकणाऱ्याची लाळ आणि रस्त्याची धूळ मिळून आत हिरवा कळंक साचतो, तो गरम पाण्याने आणि लांब ब्रशने काढायचा. मग पोचे काढणे आले. भोंग्याचा पोचा सोपा: आत जाड लोखंडी सळई धरून बाहेरून लाकडी हातोडीने हलके हलके ठोकायचे. वळणातला पोचा अवघड, कारण तिथे सळई पोचत नाही. नळीच्या मापाचा पोलादी गोळा आत सोडून तो पुढेमागे खेळवत पत्रा वर आणावा लागतो. घाई केली तर गोळा अडकतो आणि मग नळीच उसवावी लागते. कथलाच्या डाखाने सांधा जुळवण्याचे काम मला शेवटपर्यंत नीट जमले नाही.

सकाळी वर्गात पाठचिकित्सा चालू असे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ‘ज्ञानेश्वरी’ची प्रत शुद्ध केली, राजवाड्यांनी १९०९ साली आपल्या जुन्या पोथीवरून वेगळाच पाठ छापला. मूळ कोणते, भर कोणती, दुरुस्ती कोणती, हे प्रश्न घेऊन मी संध्याकाळी दुकानात येई, आणि पुढ्यातले वाद्य मला पोथीसारखेच दिसू लागे.

एक कॉर्नेट विशेष लक्षात आहे. भोंग्यावर ‘हॉक्स अँड सन, लंडन’ असे कोरलेले. ही पेढी १९३० साली बूझी कंपनीत विलीन झाली, तेव्हा वाद्य त्याआधीचे. नावाखालचा मजकूर कुणीतरी कानसीने घासून टाकलेला. एखाद्या पलटणीचे नाव असावे, असा माझा तर्क. एक नळी मेरठची. मेरठला हा धंदा नादिर अली या लष्करी बँडमास्तराने १८८५ साली सुरू केला, तो परदेशी वाद्ये मागवून विकण्यापासून; वाद्ये तिथेच बनू लागली ती १९११ पासून. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि देशभरच्या बँडवाल्यांना मेरठचाच आधार उरला. पलटणी आणि संस्थाने यांचे वाद्य असे हळूहळू रस्त्यावर आले. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. राजाश्रय संपल्यावर ही कला सांभाळली ती पोटासाठी वाजवणाऱ्यांनी. आपल्या भागात त्यांत मातंग आणि मुसलमान पुष्कळ. हलगी-सनईची परंपरा असलेल्या घरांतली मुले ट्रम्पेटकडे वळली, हे मला तरी स्वाभाविक वाटते. पण वाङ्मयाच्या वर्गात हलगीचा उल्लेख येतो, ट्रम्पेटचा येत नाही.

कॉर्नेटचे मर्म त्याच्या व्हॉल्व्हमध्ये. तुतारीतून नळीच्या लांबीने ठरवून दिलेले मोजकेच स्वर निघतात. प्रशियातील श्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल यांनी १८१८ साली व्हॉल्व्हचे पेटंट घेतले. व्हॉल्व्ह दाबला की हवेला जादा नळीचा वळसा पडतो आणि स्वर उतरतो. तीन व्हॉल्व्हच्या जोडण्यांनी बाराही स्वर हाती येतात. मात्र पिस्टन आणि त्याचे घर यांच्यातली फट केसाच्या जाडीपेक्षाही कमी असावी लागते.

लग्नसराईत त्या कॉर्नेटचा मधला पिस्टन अडकू लागला. चाचा बाहेर गेले होते. मी पिस्टन काढला आणि पॉलिश पेपरने घासला. तो सुरेख सरकू लागला. रात्री वादकाने फुंकले तेव्हा हवा फटीतून निसटली आणि वरचे स्वर लागेनात. चाचांनी पिस्टन बोटात फिरवून पाहिला.

“घासलेलं परत येत न्हाई, मास्तर.”

इतकेच म्हणाले. वादकाला त्यांनी स्वतःचे ट्रम्पेट दिले आणि पिस्टन मुलामा चढवायला मेरठला पाठवला. तो परत यायला महिना लागला. तोवर लग्नतिथी सरल्या होत्या. परक्या वाद्यावर त्याला नेहमीची सुरावट साधली नाही, आणि दोन सुपाऱ्या गेल्या असे मागाहून कळले. खर्च त्याने हप्त्याने फेडला. माझ्या हातून काय झाले ते चाचांनी त्याला सांगितले नाही. मीही नाही.

दुकानात पावत्या लिहिण्याचे काम अक्षर चांगले म्हणून माझ्याकडे होते. ‘दुरुस्तीचे कारण’ या रकान्यात मी लिहिले: जुनी झीज.